नळ स्टॉपजवळचा चिनी अक्षरांचा क्लास: एका नाकाला अडीच तास

आधीच सांगून टाकतो म्हणजे कुणाचा रविवार फुकट जायला नको. ज्यांना चायनीज बोलायला शिकायचंय, कंपनीत आलेल्या चिनी इंजिनिअरशी चार वाक्यं टाकायचीत, किंवा फिरायला जाणार म्हणून "हे केवढ्याला" एवढंच पाहिजे, त्यांनी इथे पैसे घालू नका, खरंच नका. पण चिनी अक्षर ही नक्की काय भानगड असते, एवढ्या रेघा येतात कुठून आणि त्या हाताने लिहायच्या कशा, हे एकदा नीट बसून बघायचं असेल तर पुण्यात मला तरी याच्याइतका बरा क्लास दिसलेला नाहीये. पाचपैकी चार स्टार. पाचवा का कापला ते खाली येतंय, अर्धा उच्चारांसाठी आणि अर्धा बाकीच्या किरकिरीसाठी.

प्रकार असा आहे की महिन्यातला एक रविवार, सकाळी दहा ते साडेबारा, आणि अख्ख्या अडीच तासात एकच अक्षर. हो, एकच. चेहऱ्याचे भाग ओळीने घेतायत, या खेपेला नाक होतं. फी हजाराच्या आत, त्यात चौकटीच्या प्रिंट काढलेली वही आणि पेन्सिल मिळते, ब्रश पेन पाहिजे तर वेगळे पैसे. घरी सांगितलं तेव्हा "एका नाकाचे एवढे?" हे ऐकून घ्यावं लागलं, ते तुम्हालाही लागेल.

पुण्यात जपानी शिकणारे ढिगाने सापडतात, रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात उभं राहून हाक मारली तर चार जण वळून बघतील, पण चायनीज म्हटलं की लोकांना आधी हाका नूडल्सच आठवतात. त्यामुळे बॅचमध्ये कोण येतं याची मला जास्त उत्सुकता होती. माझ्याबरोबर आठवीतली भाची होती, शिवाय रांजणगावच्या कारखान्यात कामाला असलेला एक मुलगा, जपानी शिकणाऱ्या दोन मुली, कान-नाक-घसा तज्ज्ञ असलेल्या एक डॉक्टर ताई, आणि बँकेतून रिटायर झालेले सदाशिव पेठेतले एक काका, ज्यांनी सुरुवातीलाच "मी काही परीक्षा वगैरे देणार नाही, मला फक्त कळून घ्यायचंय" असं जाहीर करून टाकलं. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही अगदी योग्य जागी आलात." आणि तसंच आहे ते.

नाक थेट देत नाहीत. आधी तोंड घेतात. तोंड म्हणजे नुसता चौकोन, उच्चार साधारण "खौ". आता चौकोनात शिकायचं काय असं वाटतं ना, तर मॅडमनी सगळ्यांना न सांगता काढायला लावला आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या पद्धतीने काढला, कुणी एका दमात गोल फिरवून, कुणी चार वेगळ्या रेघा मारून. चिनी पद्धतीत त्या रेघा तीन. डावी उभी एक, मग वरची आडवी आणि उजवी उभी मिळून कोपऱ्यात हात न उचलता दुसरी, आणि खालची आडवी तिसरी. खालची नेहमी शेवटी, म्हणजे आत काही भरायचं असेल तर ते आधी भरायचं आणि मग दार लावायचं. आपल्याला शिरोरेघ सगळ्यात शेवटी ओढायची सवय, ओळीच्या ओळी लिहून मग वरून सरकन एक रेघ, इथे उलट वरचं आधी आणि तळ शेवटी, आणि हात हे मान्य करायला जाम वेळ घेतो. भाचीचा हात अर्ध्या तासात वळला, काकांचा शेवटपर्यंत नाही.

तोंडानंतर डोळा. तोच चौकोन, उंच, आणि आत दोन आडव्या रेघा, एकूण पाच. जुन्या काळी हा डोळा आडवाच काढायचे, खऱ्या डोळ्यासारखा, बुबुळासकट, नंतर लिहायच्या सोयीसाठी उभा झाला. आणि मग मॅडमनी त्या उभ्या डोळ्याच्या डोक्यावर एक छोटी तिरकी रेघ मारली आणि विचारलं, हे काय असेल? भुवई, पापणी, टिकली, सगळे अंदाज झाले. ते होतं नाक, सगळ्यात जुनं.

इथून पुढचा तासभर मला सगळ्यात आवडला. हे जे डोळ्यावर टिंब दिल्यासारखं दिसणारं सहा रेघांचं अक्षर आहे त्याचा आज अर्थ "स्वतः" असा आहे. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर ते चक्क समोरून पाहिलेल्या नाकाचं चित्र आहे, वर नाकाचा दांडा, खाली दोन नाकपुड्या. मॅडमनी त्या हाडांच्या ठशांचे मोठे प्रिंट आणले होते आणि ते हातात फिरवायला दिले, स्लाइडवर दाखवून मोकळ्या झाल्या नाहीत, हे मला फार पटलं. शांग राजांच्या काळात प्रश्न विचारून कासवाचं कवच किंवा बैलाच्या खांद्याचं हाड तापवायचे, ज्या भेगा पडतील त्यावरून उत्तर काढायचे आणि मग तो प्रश्न बहुतेक वेळा त्यावरच कोरून ठेवायचे. नंतर हे सगळं जमिनीत गेलं, गावकऱ्यांना शेतात सापडायला लागलं, आणि ड्रॅगनची हाडं म्हणून औषधाच्या दुकानात विकलं जायचं. म्हणजे किती अक्षरं लोकांच्या पोटात गेली असतील कोण जाणे. १८९९ साली बीजिंगमधल्या वांग यीरोंग नावाच्या अधिकाऱ्याने ओळखलं की ही लिपी आहे, आणि १९२८ पासून आनयांगजवळ रीतसर उत्खनन सुरू झालं.

त्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न आहे तो ऐकून डॉक्टर ताई खुर्चीत सरळ झाल्या. नाकाला आजार झालाय, यातून काही वाईट होईल का, अशा अर्थाचा. तसेच डोळ्याचे, कानाचे, दाताचे पण आहेत. ताई म्हणाल्या, "म्हणजे ओपीडीच की." आणि मग मॅडमनी फळ्यावर चिनी हॉस्पिटलमधल्या त्यांच्या डिपार्टमेंटची पाटी लिहून दाखवली, कान, नाक, घसा, विभाग, अगदी याच क्रमाने चार अक्षरं. ताईंनी फोटो काढून लगेच कुठेतरी पाठवला. त्यांना अजून एक शब्द मिळाला, नाकाच्या सुजेचा, नाकापुढे जे अक्षर येतं त्यात आगीचं चिन्ह एकावर एक दोनदा आहे. पुण्यात नोव्हेंबरमध्ये ज्याचं नाक गळतं त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

बरं, मग नाकाचं चित्र "स्वतः" कसं झालं? सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं कारण असं की आपण "मी" म्हणताना छातीवर हात ठेवतो तसं तिकडे लोक नाकाकडे बोट दाखवतात. जपानी शिकणाऱ्या मुलींनी लगेच दुजोरा दिला, त्यांच्या जपानी सरांना त्यांनी तसं करताना बघितलंय. इसवी सन १०० च्या सुमाराला श्यू शेन नावाच्या पंडिताने जो कोश केला त्यातही या अक्षरापुढे सरळ "नाक" असंच लिहिलंय, म्हणजे तोपर्यंत तरी आठवण शिल्लक होती. पण रोजच्या वापरात ते अक्षर "स्वतः"ने बळकावलं आणि खऱ्या नाकाला जागाच उरली नाही. म्हणून मग त्याच्या खाली अजून एक अक्षर बसवलं, फक्त उच्चार कळावा म्हणून, आणि नाकाचं नवीन अक्षर तयार झालं. वरचा भाग अर्थ सांगतो आणि खालचा आवाज. बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच बनलीत, अर्थाचा तुकडा अधिक आवाजाचा तुकडा, आणि हे एकदा डोक्यात बसलं की त्या लिपीची भीती निम्म्याने कमी होते, असं माझं मत झालंय.

आता माझा खरा मुद्दा. मी याआधी दुसऱ्या एका ठिकाणी ऑनलाइन कोर्स घेतला होता, नाव घेत नाही, तिथे प्रत्येक अक्षराला एक कार्टून आणि एक गोष्ट असायची. म्हणजे नाकाचं अक्षर घ्या, वरचा तुकडा "स्वतः", मधला तुकडा दिसायला शेताच्या अक्षरासारखा, खाली दोन पाय, की झाली गोष्ट, "एक माणूस स्वतः शेतात दोन पायांवर उभा राहून वास घेतोय." गोड आहे, लक्षात पण राहते, पण पूर्णपणे बनवलेली, आणि त्यांनी ती "चिनी लोकांनी असा विचार केला" म्हणून खपवली होती. गंमत म्हणजे इथे सदाशिव पेठेतल्या काकांनी फळ्याकडे बघून स्वतःहून जवळपास हीच गोष्ट रचली आणि विजयी मुद्रेने मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, "काका, लक्षात ठेवायला मस्त आहे, ठेवा तुमच्याजवळ. पण तो इतिहास नाही. मधलं ते शेत नाहीच, फक्त शेतासारखं दिसतं. खालचे दोन्ही तुकडे मिळून एक वेगळं अक्षर आहे, 'देणे' अशा अर्थाचं, आणि ते इथे फक्त आवाजासाठी आलंय." काकांनी थोडी हुज्जत घातली, मग ते अक्षर आज कोण वापरतं म्हणून विचारलं, तर मॅडमनी कबूल केलं की आजच्या प्रमाण चिनीत रोजच्या वापरात जवळजवळ कुणीच नाही, त्यामुळे आवाजाची ही खूण शिकणाऱ्याला आज फारशी उपयोगी पडत नाही, ती आहे तशी पाठ करावी लागते. एवढं सरळ उत्तर मला दुसरीकडे मिळालं नव्हतं. गोष्ट कुठे संपते आणि माहिती कुठे सुरू होते हे जो मास्तर वेगळं करून दाखवतो त्याला मी पैसे द्यायला तयार असतो.

मग येतो "स्वतः"चा गोतावळा, आणि इथे बॅच एकदम पेटली. ते जुनं नाक जिथे तिथे लपलेलं आहे. सायकल म्हणजे "स्वतः चालणारी गाडी", हे ऐकून काकांना त्यांच्या काळातलं सायकलींचं पुणे आठवलं आणि पाच मिनिटं तिथेच गेली. सेल्फीमध्ये आहे. आणि नळाचं पाणी म्हणजे तीन अक्षरं, "स्वतः येणारं पाणी." यावर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हे गुरुवारी कसं लिहायचं?" ज्यांच्याकडे गुरुवारी पाणी बंद असतं ते सगळे हसले, उरलेल्यांनी टँकरच्या रेटची चर्चा सुरू केली. नळ स्टॉपला बसून हे चाललेलं.

त्याच नाकाखाली कुत्रा काढला की अक्षर होतं वासाचं, कारण वास काढावा तर कुत्र्यानेच. पूर्वी त्याचा अर्थ नुसता वास असा होता, चांगला-वाईट दोन्ही, पण पुढे ते घसरत घसरत फक्त "घाण वास" एवढ्यावर आलं, त्यामुळे "हुंगणे" या अर्थासाठी बाजूला एक तोंड जोडून पुन्हा नवीन अक्षर करावं लागलं. म्हणजे जे नाकाचं झालं तेच वासाचं झालं, मूळ मालक बाहेर आणि त्याच्यासाठी शेजारी एक्स्टेंशन. आणि नाकाखाली हृदय काढलं की श्वास. हे "श्वास"वालं अक्षर विश्रांतीतही आहे, बातमीतही आहे आणि बँकेच्या व्याजातही आहे, नफ्याच्या अक्षराला जोडून. काकांनी वहीत "व्याज" असं मराठीत मोठ्ठं लिहून खाली दोनदा रेघ मारली. एवढ्या सगळ्यात त्यांना मनापासून आवडलेलं अक्षर तेच असावं.

भाचीने विचारलं की मॅडम, गणपतीच्या सोंडेला काय म्हणायचं. तर हत्तीचं अक्षर आणि पुढे हेच नाक, म्हणजे हत्तीनाक. गणपतीला ते लोक "हत्तीच्या डोक्याचा देव" म्हणतात हेही कळलं. तिने वहीच्या कव्हरवर तेच लिहून ठेवलंय, शाळेत दाखवायला.

आता प्रत्यक्ष लिहिणं. नाकाच्या पूर्ण अक्षराला १४ रेघा लागतात, वर सहा, मध्ये पाच, खाली तीन. उच्चार नंतर बोलू. वहीच्या प्रत्येक चौकटीत आत तुटक रेघांची फुली असते, उभी एक आडवी एक, म्हणजे चौकटीचे चार भाग होतात, आणि या वहीचं चिनी नावच मुळी "शेत-अक्षराची चौकट" असं आहे कारण ती तशीच दिसते. तोंडालाही एक चौकट आणि १४ रेघांच्या नाकालाही तीच एक चौकट, वाढीव जागा मिळत नाही. पेठेतला वाडा पाडून त्याच प्लॉटवर तीन मजले चढवावेत तसं सगळं वर वर रचायचं असतं. वरचं "स्वतः" अरुंद ठेवायचं, नाहीतर खाली जागा उरत नाही. मधलं "शेत" चपटं आणि थोडं रुंद. त्याच्याखालची आडवी रेघ सगळ्यात लांब, दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावणारी, तिच्यावर सगळा डोलारा पेललेला दिसला पाहिजे. आणि मग दोन पाय, डावा थोडा बाहेर ओघळलेला, उजवा सरळ खाली.

मॅडम मागे येऊन उभ्या राहतात आणि बोलत नाहीत, नुसतं लाल पेनने एका रेघेवर टिंब ठेवतात. ते टिंब बहुतेकांच्या वहीत एकाच जागी होतं, वरच्या तुकड्यातल्या आतल्या दोन रेघांवर. त्या तीन सारख्या फटी पडतील अशा मारायच्या असतात आणि माणूस घाईत पहिली खूप वर मारतो, मग दुसरीला वाटेल तिथे घुसवतो. मॅडमचं म्हणणं, आधी डोळ्यांनी चौकटीत फटी मोजा, मग पेन्सिल टेकवा. ऐकायला सोपं.

जपानी शिकणाऱ्या मुलींचं नाक दिसायला अगदी व्यवस्थित होतं, तरी मॅडम त्यांच्या वहीपाशी थांबल्या. कारण मधल्या शेतात त्या आधी उभी रेघ मारत होत्या आणि मग आडवी. जपानीत तसंच शिकवतात, चीनमध्ये आडवी आधी आणि उभी नंतर. लिहून झालेलं अक्षर तेच, वाट वेगळी. मॅडमनी त्यांना बदलायला लावलं नाही, फक्त सांगितलं की इथे हा क्रम, तिथे तो, आणि परीक्षा जिकडची द्याल तिकडचा धरा. मुली खूश. १९५० च्या दशकात चीनने बऱ्याच अक्षरांच्या रेघा कमी केल्या, दाताचं अक्षर १५ रेघांवरून आठवर आलं, चेहऱ्याचं १७ वरून ११ वर, पण नाकाला कुणी हात लावला नाही, १४ म्हणजे १४, बीजिंगला तेवढ्या आणि जुनीच अक्षरं चालवणाऱ्या तैवानच्या तैपेईलाही तेवढ्याच. १७१६ साली पूर्ण झालेल्या खांगशी कोशात अक्षरं ज्या २१४ गटांखाली लावलीत त्यात नाकाचा स्वतःचा गट आहे, २०९ वा, कारण गट रेघांच्या संख्येने लावलेत आणि एवढ्या रेघांचे गट पार शेवटी येतात. म्हणजे कोशातसुद्धा नाक शोधायला बऱ्याच मागे जावं लागतं.

ब्रश पेनचा भाग मला ठीकठाक वाटला. शेवटी वीसेक मिनिटं ब्रश पेनने लिहायला देतात, फोटो छान येतात, पण ज्याची पेन्सिलची रेघ अजून थरथरतेय त्याच्या हातात ब्रश दिला की सगळा चिखल होतो. वेगळे पैसे घेऊन जे पेन देतात त्यातल्या एकाने भाचीच्या ड्रेसवर शाई सोडली. जुने कपडे घालून जा, किंवा ते पेन घेऊच नका, काही अडत नाही.

आता कापलेला स्टार. उच्चारांना शेवटची दहा मिनिटं, तीही सगळे बॅगा भरत असताना. आणि वहीत जे छापलंय त्यात नाकाचा उच्चार देवनागरीत "बी" असा दिलाय. रोमन लिपीत ते बी-आय असं लिहितात म्हणून कुणीतरी तसंच उतरवलं असणार, पण चायनीजमधला तो बी म्हणजे आपला ब नव्हे, तो आपल्या प च्या जवळचा आहे, घशात कंप न देता आणि हवा न सोडता. आणि त्यांचा रोमन पी म्हणजे आपला फळातला खरा फ, ओठ मिटून हवेसकट. मराठी माणसाला प आणि फ जन्मापासून वेगळे येतात, हे आयतं मिळालेलं भांडवल आहे आणि वहीने ते ब लिहून घालवलंय. तसंच "स्वतः"चा उच्चार, रोमनमध्ये झेड-आय, वहीत "झी" छापलंय. तो आपल्या चमच्यातल्या च सारखा सुरू होतो आणि पुढे ई लागतच नाही, दातांशीच घुटमळतो. आपल्याकडे चहातला च आणि चमच्यातला च असे दोन आहेत, तर तेवढं एक वाक्य सांगितलं असतं तरी काम झालं असतं. मॅडमचा स्वतःचा उच्चार स्वच्छ आहे, त्यांना हे माहीत आहे, मी नंतर जिन्यात विचारलं तर म्हणाल्या वही जुनी आहे, बदलायचीय. बदला हो लवकर, लोक घरी जाऊन वहीच वाचणार आहेत.

सुरांचं तर विचारूच नका. नाक चढत्या सुरात म्हणायचं, फोनवर कुणी भलतंच काही सांगितलं की आपण "काय?" म्हणताना आवाज जसा वर नेतो तसा. तेच खाली जाऊन वर आणलं की लेखणी होते, झटकन खाली आपटलं की "बंद करणे" किंवा त्यांच्या चलनाच्या नावातलं शेवटचं अक्षर. हे सगळं त्या दहा मिनिटांत, पंख्याच्या खडखडाटात आणि खालून कर्वे रोडचे हॉर्न. रांजणगावच्या मुलाला नेमकं हेच पाहिजे होतं, त्याच्या लाइनवर चिनी सुपरवायझर येतात, आणि तो थोडा हिरमुसलाच. त्याने तसं तोंडावर सांगितलं, तर मॅडमनी त्याला बोलायच्या वेगळ्या बॅचची चौकशी करायला सांगितलं जी अजून सुरूच झालेली नाहीये. तरी जाताना त्याला एक म्हण मिळाली, "एकाच नाकपुडीतून श्वास सोडणारे," म्हणजे आतून मिळालेले, एकाच माळेचे मणी. ती तो सोमवारी वापरणार होता, कुणासाठी ते विचारलं नाही.

बाकीची किरकिर थोडक्यात. पार्किंग नाहीये, खाली दोन गाड्यांची जागा आहे आणि तिथे बिल्डिंगवाल्यांच्या दहा असतात, मेट्रोने नळ स्टॉपला उतरा आणि चालत या. लिफ्ट नाही, पहिलाच मजला आहे पण जिना खडा आहे, काकांना वेळ लागला. दहाची वेळ म्हणजे सव्वादहा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालतात आणि मग त्यावर सुप्रभात सुरू होतं, म्यूट करा. सर्टिफिकेट देतात, त्याचा काही उपयोग नाही, एका अक्षराचं कसलं सर्टिफिकेट, भाचीने मात्र ते फ्रिजवर लावलंय. चायनीजची जी एचएसके नावाची परीक्षा असते तिच्या जुन्या सहा पातळ्यांच्या पद्धतीत नाक हा शब्द तिसऱ्या पातळीवर येतो, त्यामुळे परीक्षेच्या हिशेबाने येणाऱ्यांना हा क्रम उलटसुलट वाटेल.

वही संपली की काय करायचं हे बरेच जण विचारत होते. तसली छापील वही अप्पा बळवंत चौकात मागितली तर दुकानदार चेहऱ्याकडे बघत राहतो. गणिताची चौकटीची वही घ्या, चार बारीक चौकोन मिळून एक मोठा धरा, मधली फुली आयती मिळते. मोबाइलवर ॲप आहेत, त्यात बोटाने रेघा ओढता येतात आणि क्रम चुकला की ते थांबवतं, ते वाईट नाहीये, क्रम पक्का होतो. पण ॲप तुमची रेघ स्वतःच सरळ करून देतं, वाकडी मारली तरी स्क्रीनवर सुबकच उमटते, म्हणून कागदावर यायच्या वेळी हात कोराच असतो. फटी सारख्या आल्या की नाही हे लाल टिंबच सांगतं.

पुढच्या महिन्यात कान आहे. कानाच्या अक्षराला सहाच रेघा, त्यामुळे लिहायला निवांत, पण त्याचा गोतावळा नाकापेक्षा मोठा आहे म्हणे, दाराच्या चौकटीत कान ठेवला की "ऐकणे", कानाला हात लावला की "घेणे", आणि त्या दुसऱ्यामागे लढाईत मारलेल्या शत्रूचे कान कापून आणायची भानगड आहे, जी मॅडमनी मुलं बसलीयत म्हणून अर्धीच सांगितली. भाचीने त्यासाठीच नाव घातलंय. पुढच्या दोन बाकांवर बसा, मागे फळा दिसत नाही आणि मार्कर पण फिका आहे, आणि जागा धरायची तर पावणेदहालाच जा, काका साडेनऊपासून येऊन बसलेले असतात.